पाठ टाचणापासून मुलाच्या वहीपर्यंत

बारावी पास होईपर्यंत एखाद्या मुलाने डॉक्टरला काम करताना किती वेळ पाहिलेले असते? सगळी आजारपणे धरली तरी काही तासच. वकिलाला कोर्टात उभे राहिलेले बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. शिक्षकाला मात्र प्रत्येकाने वर्षानुवर्षे, रोज, समोर बसून पाहिलेले असते. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी शिक्षकी पेशावरच्या आपल्या १९७५ सालच्या पुस्तकात याचा हिशोब मांडला होता. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३ हजार तास शिक्षकांच्या सहवासात काढलेले असतात, असे त्यांचे म्हणणे. शिकवणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते, ते त्यामुळेच.

पण बाकावरून दिसतो तो शिक्षकाचा हात, आवाज, फळा आणि छडी. बाईंनी हाच प्रश्न का विचारला, त्याच मुलीला का विचारला, उत्तर चुकल्यावर त्या क्षणभर का थांबल्या, हे बाकावरून दिसत नाही. प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना शिकायचे असते ते नेमके हेच. आणि ते शिकण्याची खरी जागा म्हणजे पहिली ते पाचवीचा वर्ग.

महाराष्ट्रात या शिक्षणाला लोक अजूनही डी.एड. म्हणतात. आता त्याचे नाव डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणातील पदविका. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये आणि अध्यापक विद्यालयांमध्ये चालतो. या जिल्हा संस्था, ज्यांना सगळे 'डाएट' म्हणतात, १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिल्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे छात्राध्यापकाने शाळेत घालवले पाहिजेत. पहिल्या वर्षी चार आठवडे मुख्यतः निरीक्षण आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे प्रत्यक्ष काम. पूर्वी याला छात्रसेवाकाल म्हणत, आता आंतरवासिता म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला मुलांच्या रांगेशेजारी दोन-तीन अनोळखी, थोडेसे अवघडलेले तरुण चेहरे दिसले, की समजावे, डी.एड.वाले आले.

शाळेत येण्याआधी त्यांनी एकमेकांवर सराव केलेला असतो. त्याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली आणि पुढे ती जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोचली. शिकवण्याचे एकेक कौशल्य सुटे करायचे, पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, निरीक्षकाने काय जमले आणि काय नाही ते सांगायचे, मग तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. प्रस्तावना, प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, फलकलेखन, प्रबलन, चेतक बदल अशी ती कौशल्ये. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते वर्गमित्रच. त्यांना सगळी उत्तरे येतात, मैत्रिणीचा पाठ चांगला व्हावा म्हणून ते हातही भराभर वर करतात. त्यात कुणी रडत नाही, कुणाला शू लागत नाही, कुणाची पेन्सिल हरवत नाही.

त्यानंतर येते पाठ टाचण. विषय, घटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, मग एका रकान्यात शिक्षककृती आणि शेजारच्या रकान्यात विद्यार्थीकृती, शेवटी दृढीकरण, मूल्यमापन आणि गृहपाठ. ही मांडणी बरीचशी योहान हर्बार्ट या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विचारवंताच्या परंपरेतून आली. टाचण लिहिण्याचा उपयोग मोठा आहे. चाळीस मिनिटांत आपल्याला नेमके काय साधायचे आहे, हे आधी ठरवण्याची शिस्त ते लावते. अनुभवी शिक्षकाचे हे ठरवणे मनात झालेले असते, नवख्याचे कागदावर व्हावे लागते.

अडचण येते ती विद्यार्थीकृतीच्या रकान्यात. तिथे मुले काय उत्तर देतील ते छात्राध्यापिकेने आदल्या रात्रीच लिहून ठेवलेले असते. सकाळी वर्गात मुले दुसरेच काही बोलतात. पावसाच्या पाठाची प्रस्तावना करताना ती विचारते, ‘ढग आल्यावर काय होतं?’ टाचणात उत्तर असते, ‘पाऊस पडतो.’ वर्गातून उत्तर येते, ‘बाई, आई वाळवण काढते.’ ‘आमच्या घरात गळतं.’ ‘आबा म्हणतात, नुसतंच आभाळ येतं.’ नवखी शिक्षिका ही उत्तरे बाजूला सारत, तिला हवे ते वाक्य येईपर्यंत पुढच्या मुलाकडे जात राहते. ते आले की सुटकेचा श्वास टाकून हेतुकथन करते. वर्गाच्या मागे बसलेल्या निरीक्षकाच्या वहीत प्रस्तावना यशस्वी झाल्याची नोंदही होते. पण पावसाबद्दल मुलांना जे ठाऊक होते आणि ज्यावर अख्खा पाठ उभा राहू शकला असता, ते तसेच राहून जाते.

यात त्या छात्राध्यापिकेचा दोष नाही. शिक्षक घडण्याच्या वाटेवरचा तो एक टप्पा आहे. टेक्सास विद्यापीठातील फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ साली प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या चिंतांचा अभ्यास मांडला होता. सुरुवातीला चिंता असते ती स्वतःची: मुले माझे ऐकतील का, सरांना माझा पाठ कसा वाटेल, वर्ग हाताबाहेर जाईल का. मग चिंता येते कामाची: भाग पूर्ण होईल का, साधने पुरतील का, वेळ कसा बसवायचा. आणि पुढे, अनुभव वाढल्यावर, खरी चिंता सुरू होते: या मुलाला कळले का? नसेल तर का नाही? पुढच्या संशोधकांनी हे टप्पे इतके एकामागोमाग येत नाहीत असे दाखवले, तरी दिशा बहुतेकांना मान्य आहे. शिक्षकाची नजर स्वतःवरून मुलाकडे वळणे हेच प्रशिक्षणाचे सर्वांत मोठे फळ आहे. वीस आठवडे द्यायचे ते यासाठी.

ही नजर कशी वळते? काही वेळा अगदी साध्या गोष्टींनी.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे ही त्यांपैकी एक. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे ऐकून एक गोष्ट दाखवून दिली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते, एरवी गप्प असणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या नवख्या शिक्षकाला ती शांतता खायला उठते. आपल्याला काही सुचत नाही असे मुलांना वाटेल, वर्ग सुटेल, अशी धास्ती वाटते. ती धास्ती सोसून थांबायला शिकणे हे एक कौशल्यच आहे. त्याला साधन लागत नाही, तक्ता लागत नाही, फक्त सराव लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाची चूक नीट पाहणे. तिसरीतला मुलगा ५२ वजा १७ चे उत्तर ४५ लिहितो. लाल पेनाने फुली मारून पुढे जाता येते. पण वही हातात घेऊन ‘हे कसं केलंस, मला सांग बरं,’ असे विचारले तर तो सांगतो, ‘बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन घालवले.’ मुलाने विचार केलेला आहे, नियमही पाळला आहे: मोठ्यातून लहान वजा करायचे. दशक सुटा करून दहा एकक मिळवता येतात, हे त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. त्याला आणखी दहा वजाबाक्या घातल्या तर तो दहाही याच रीतीने चुकवील. त्याच्या हातात काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि सतरा काढून दे म्हटले, तर एक गठ्ठा त्याला आपोआप सोडावा लागतो. मग कागदावरच्या रीतीला अर्थ येतो.

अंकांच्या बाबतीत मराठी मुलांची एक खास अडचण असते आणि ती छात्राध्यापकांना पहिली-दुसरीच्या वर्गात रोज दिसते. ‘तेवीस’ म्हणताना आधी तिनाचा आवाज येतो, मग विसाचा. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे, मग तीन. काही मुले ऐकल्याबरहुकूम ३२ लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते, म्हणून कुणी ३९ लिहितो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद उसळला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका सांगितली होती: जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यानामे जड जातात, ती सोपी व्हावीत. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. त्या वादात कोणती बाजू घ्यावी यावर मतभेद असू शकतात, पण दुसरीच्या चार वह्या तपासल्या की हा प्रश्न मुळात खरा आहे याबद्दल शंका उरत नाही.

वाचनाचेही तसेच. पहिलीतली मुलगी ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ असा तक्ता सुरात म्हणते. चित्रावर हात ठेवला, अक्षरांची उलटापालट केली, की ती थांबते. तिने तक्ता पाठ केलेला असतो, अक्षर ओळखलेले नसते. दुसरा मुलगा अख्खी बाराखडी धडाधड म्हणतो, पण मधूनच ‘मी’ किंवा ‘कू’ दाखवले तर पहिल्यापासून म्हणत तिथवर यावे लागते. मराठीत ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे धरली तर चारशेच्या वर अक्षरचिन्हे होतात. जोडाक्षरे वेगळीच. मोठ्यांना हे आता कळतही नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते. लहान मुलासाठी मात्र तो मोठा पल्ला आहे.

हा पल्ला सोपा कसा करावा यावर महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे कमला निंबकर बालभवन, तसेच पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथून काम करणारी क्वेस्ट ही संस्था, यांनी प्रारंभिक वाचन कसे शिकवावे याचा वर्षानुवर्षे अभ्यास आणि प्रयोग केले. अक्षरे अ-पासून ज्ञ-पर्यंत क्रमाने शिकवण्याऐवजी छोट्या गटांनी शिकवावीत, त्यातून लगेच शब्द आणि वाक्ये वाचता यावीत, स्वरचिन्हे फार उशिरा आणू नयेत, आणि हे सगळे चालू असताना मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवावी, त्यांच्याशी भरपूर बोलावे, ही आज वाचनशिक्षणात बऱ्याच प्रमाणात मान्य झालेली दिशा आहे. म, क, र, ल आणि काना एवढ्यावरही ‘राम’, ‘काका’, ‘मला’, ‘कमल’ असे कितीतरी शब्द उभे राहतात. आपण वाचलेला शब्द खरा आहे, आपल्या ओळखीचा आहे, हे कळल्यावर पहिलीतल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहिलेला छात्राध्यापक हा पेशा सहसा सोडत नाही.

प्रश्न मराठीच्या पलीकडेही जातो. नंदुरबारमधली पावरी बोलणारी मुले, मेळघाटातली कोरकू बोलणारी मुले, गडचिरोलीतली माडिया आणि गोंडी बोलणारी मुले, डहाणू-जव्हारकडची वारली मुले पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते. शिक्षण हक्क कायद्याचे २९वे कलम शक्य तितपत मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. अशा शाळेत गेलेल्या छात्राध्यापकाला पहिल्याच दिवशी दिसते, की मुले गप्प आहेत. ‘ही मुले बोलतच नाहीत,’ अशी नोंद तो वहीत करतो. मधल्या सुट्टीत तीच मुले झाडाखाली अखंड बडबडत असतात. त्यांच्याकडून दहा-वीस शब्द शिकून घेणारा, पाणी, भाकरी, डोंगर, बकरी यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहिणारा छात्राध्यापक वर्गात बोलणे सुरू करून देतो. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हेच. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला दर वाक्यात अडवले, तर ते मूल शुद्ध बोलायला लागण्याऐवजी बोलणेच कमी करते.

आणखी एक गोष्ट शाळेत गेल्यावरच कळते. पाठ टाचण एका इयत्तेचे असते, वर्गात मात्र इयत्ता तीन असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. ग्रामीण महाराष्ट्रात द्विशिक्षकी शाळा सर्वत्र आहेत. तिथे एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी अशी वाटणी असते. एक गुरुजी केंद्रावर बैठकीला गेले की पाचही वर्ग एकाकडे. अध्यापक विद्यालयात एकाच इयत्तेला चाळीस मिनिटे सलग शिकवण्याचा सराव केलेला छात्राध्यापक इथे गांगरतो. अशा शाळेतले मुरलेले गुरुजी काय करतात ते पाहण्यासारखे असते. एका गटाला ते प्रत्यक्ष शिकवतात, दुसऱ्याला स्वतः करायचे काम देतात, तिसऱ्या गटात मोठी मुले लहानांना वाचून दाखवतात, आणि दर काही मिनिटांनी ही फेरी बदलते. कोणत्या कामाला शिक्षक लागतो आणि कोणते मुले आपली आपण करू शकतात, याची पारख त्यांना असते. ती पारख पुस्तकात लिहिता येईल, पण शिकता येते ती शेजारी उभे राहूनच.

मुले आपली आपण शिकू शकतात, ही गोष्ट साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी राज्यापुढे ठेवली. तत्कालीन विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी फरशीवर आखलेल्या आकृत्या, मुलांच्या उंचीचे फळे, खडे, काड्या, शब्दपट्ट्या अशा साध्या साधनांनी मुले स्वतः शिकतील अशी वर्गरचना केली. ज्ञानरचनावाद हा तोवर प्रशिक्षणाच्या पुस्तकातला शब्द होता. मूल आपल्या अनुभवातून ज्ञान रचते, हे पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे परीक्षेत लिहून गुण मिळत होते. ते जिल्हा परिषदेच्या फरशीवर कसे दिसते, हे पाहायला राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला गेले. शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जून २०१५मध्ये आला, त्याआधीच ही चळवळ शाळांमधून सुरू झाली होती.

शिक्षकाने आधी शिकायचे असते, ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ती शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेऊन. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या होत्या. पुढच्या काळात मात्र कित्येक दशके व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेला माणूस थेट मास्तर होई आणि प्रशिक्षण मिळालेच तर नंतर मिळे.

ताराबाई मोडक यांचे उदाहरण तर प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावे असे. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख असताना त्यांनी ते पद सोडले आणि भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलवल्यावर, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणात शाळा भरवली. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या दिवसात शोधण्याची ही रीत होती. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांनी नोकरीची वर्षे शिक्षक घडवण्याच्या क्षेत्रात काढली आणि निवृत्तीनंतर १९८५मध्ये सृजन आनंद विद्यालय ही प्राथमिक शाळा सुरू केली. अध्यापनशास्त्र शिकवणाऱ्या व्यक्तीने लहान मुलांच्या वर्गात येऊन ते तपासून पाहण्याचे हे उदाहरण.

आज मात्र या नवख्या शिक्षकांच्या वाट्याला येणारी आंतरवासिता अनेक ठिकाणी दुबळी आहे. शाळेत एक शिक्षक कमी असेल तर छात्राध्यापकाला त्या वर्गावर सोडून दिले जाते. काही दिवस तो एकटाच वर्ग सांभाळतो, कुणी पाहत नाही, कुणी सांगत नाही. त्याला काम मिळते, शिक्षण मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडून फक्त तक्ते रंगवून घेतले जातात आणि ऑनलाइन माहिती भरून घेतली जाते. अध्यापक विद्यालयातले प्राध्यापक अनेक शाळांच्या फेऱ्या करत येतात, एक पाठ पाहतात, शेरा लिहून पुढच्या शाळेकडे निघतात. वर्गशिक्षकाला हे सगळे वर्षभर दिसते, पण छात्राध्यापकाला मार्गदर्शन करण्यासाठी त्याच्या वेळापत्रकात जागा नसते. छात्राध्यापकाने स्वतःच्या अनुभवावर लिहायच्या चिंतनिकेचे कागदही मग मागच्या वर्षीच्या फायलीवरून उतरवले जातात.

पुढची वाटही सोपी नाही. पदविका हाती आल्यावर शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात ती २०१३पासून सुरू झाली. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल, आणि निवड झाली तर तीन वर्षे शिक्षणसेवक. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन बरीच वर्षे महिना सहा हजार रुपये होते, २०२३पासून ते सोळा हजार झाले. २०१०नंतर भरती वर्षानुवर्षे रखडली, तेव्हा एके काळी प्रवेशासाठी रांगा लागणारी अध्यापक विद्यालये ओस पडली आणि अनेक बंद झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने पुढे चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच शिक्षक होण्याची किमान पात्रता करण्याचे, २०३० हे उद्दिष्ट ठेवून, ठरवले आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असो वा चार, त्यातला शाळेतला काळ सकस नसेल तर वाढलेली वर्षे व्याख्यानांतच जातील.

त्याच वेळी प्राथमिक शिक्षकाकडून अपेक्षा वाढल्या आहेत. जुलै २०२१मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि मूलभूत गणित करता यावे, हे लक्ष्य २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरवले. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहण्यांनी वर्षानुवर्षे दाखवले आहे, की वरच्या इयत्तेत गेलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येत नाही. ही दरी भरून काढणारा माणूस पहिली-दुसरीच्या वर्गात उभा असतो. तो अनेकदा सगळ्यांत नवा, सगळ्यांत कमी मानधन घेणारा शिक्षक असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी आताच व्हायला हव्यात. अध्यापक विद्यालयांनी पाठांची संख्या मोजण्यापेक्षा एकाच वर्गात, एकाच अनुभवी शिक्षकासोबत छात्राध्यापकाला सलग राहू द्यावे. किमान दोन-तीन मुलांच्या वह्या, बोलणे आणि चुका आठवडेच्या आठवडे पाहून त्यांवर लिहायला लावावे. बहुवर्ग अध्यापनाचा सराव द्विशिक्षकी शाळेतच व्हावा. मार्गदर्शन करणाऱ्या वर्गशिक्षकाच्या कामाची शासनाने अधिकृत नोंद घ्यावी आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा.

आणि गावाच्या शाळेशी नाते असलेल्या वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या शाळेत डी.एड.चे विद्यार्थी आले तर मुख्याध्यापकांनी त्यांना रिकाम्या वर्गावर पाठवू नये. वर्गशिक्षकांनी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांच्यासोबत मुलांच्या वह्या उघडून बसावे. पालकांनी आपल्या घरची बोली, मुलाचा दिवस, त्याच्या आवडीनिवडी त्यांना मोकळेपणाने सांगाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांना बोलवावे. येत्या काही वर्षांत आपल्या नातवंडांना पहिले अक्षर हेच तरुण शिकवणार आहेत.